वर विस्तव, खाली विस्तव



गौरी-गणपती पाण्यात गेले, पाऊस जरा मागे सरला, की श्रीवर्धनच्या बाजूला परसातल्या मांडवाकडे एकदा नीट पाहावे. पडवळे, दोडकी बहुतेक उतरलेली असतात. काकडीचा वेल पिवळा पडू लागलेला असतो. पण त्या सुकत चाललेल्या वेलावर एक-दोन काकड्या तशाच लोंबत असतात. चांगल्या हातभर लांब, मनगटाहून कितीतरी जाड, सालीला तांबूस पिवळा रंग आलेला, वर जाळीसारख्या बारीक भेगा पडलेल्या. परका माणूस म्हणेल, "अहो, ही काकडी काढायची राहून गेली वाटतं!" ती राहून गेलेली नसते. घरच्या आजीने मुद्दाम राखलेली असते, आणि तिला हात लावायची घरात कोणाची छाती नसते.

ती राखायची बियाण्यासाठी. बी काढून घेतले की जो गर उरतो, त्याचा करायचा धोंडस. रत्नागिरीकडे, सिंधुदुर्गाकडे अशा काकडीला तवसे म्हणतात, आणि गोव्यात याच पदार्थाच्या भावंडाला तवसळी म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वस्तू एकच : काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ एकत्र शिजवून, मग वर विस्तव आणि खाली विस्तव ठेवून भाजलेली जाड, तपकिरी, खमंग वडी.

आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या धोंडसाच्या इतिहासाबद्दल. पक्वान्नाचा कसला आलाय इतिहास, असे एखादे गुरुजी मनात म्हणतील. त्यांचा प्रश्न मी ऐकून ठेवला आहे. उत्तर पुढे येईलच, पण आधी आपण चुलीपाशी जाऊ, कारण कृती नीट कळल्याशिवाय तिचा इतिहासही कळायचा नाही.

काकडी उभी चिरून मधला बियांचा भाग बोटांनी ओढून काढायचा आणि एका वाडग्यात वेगळा ठेवायचा. साल काढून गर किसायचा. या जून काकडीला पाणी पुष्कळ सुटते, ते टाकायचे नाही. तांदळाच्या कण्या धुऊन, वाळवून, जात्यावर भरड रवा काढलेला असतो, तो तुपावर मंद आचेने तांबूस होईपर्यंत भाजायचा. साधारण वाटीभर रव्याला दोन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, वाटीभर चिरलेला गूळ, वाटीभर खवलेला ओला नारळ, चिमूटभर मीठ, आणि वासाला वेलची किंवा जायफळ. टोपात कीस उकळला की त्यात रवा घालायचा आणि झाकण ठेवून चांगली वाफ आणायची. रवा बोटाने दाबून मऊ लागला, की मगच गूळ. हे मी दोनदा सांगतो. घाईने गूळ आधी पडला, तर दाणा तसाच कडक राहतो, मग वर कितीही विस्तव ठेवा. गूळ विरघळला, मिश्रण पुन्हा घट्ट झाले, की तुपाचा हात लावलेल्या जाड बुडाच्या टोपात किंवा लंगडीत ते थापायचे. कोणी तळाला हळदीचे पान घालतात. त्या पानाचा वास धोंडसाला जो येतो, तो वेलचीनेही येत नाही, असे माझे मत आहे.

आता खरी कसोटी. चुलीतली लाकडे बाहेर ओढून घ्यायची, नुसते निखारे ठेवायचे. टोप वैलावर किंवा त्या मंद निखाऱ्यांवर बसवायचा. वर सपाट लोखंडी किंवा पितळी झाकण, आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे फुललेले इंगळ. खाली कमी, वर जास्त. याचे कारण सरळ आहे. खालची आच भांड्याच्या बुडाला थेट चिकटलेली असते आणि मिश्रण लगेच करपवते. वरची आच झाकणाने तापून पदार्थावर अंगभर पडते, तिने ओल उडते आणि गुळाला रंग चढतो. अर्ध्या तासाने, पाऊण तासाने झाकण उचलायचे तेव्हा राख आत पडू न देण्याचे काम घरातल्या सगळ्यात शांत माणसाकडे द्यावे. कडा सुटलेल्या दिसल्या, वर खरपूस पापुद्रा आला, की झाले. गरम असताना कापू नये, भुगा होतो. निवल्यावर वड्या पडतात. आणि टोपाच्या बुडाला जी खरवड उरते, तिच्यासाठी मुलांचे जे भांडण होते ते वेगळेच.

आता या पदार्थात पडले काय काय, ते बघा. जून काकडी : ती कोशिंबिरीला चालत नाही, बाजारात कोणी घेत नाही. कण्या : उखळात भात कांडताना जो तांदूळ मोडतो तो. अखंड तांदूळ विकायला किंवा सणाला, आणि कण्या घरच्या पेजेला, कोंबड्यांना. करवंटी : खोबरे निघाल्यावर उरलेली. सगळे उरलेले, मागे राहिलेले. विकत आणलेली मुख्य वस्तू एक गूळ. कोकणपट्टीच्या या भागात ऊस थोडा, तेव्हा गूळ यायचा घाटावरून. बैलांच्या तांड्यांनी घाट उतरून महाडच्या बंदरात माल पडे आणि सावित्री नदीतून होड्यांनी खाली बाणकोटच्या खाडीकडे येई. बाणकोटच्या समोरच्या किनाऱ्यावर आपले हरिहरेश्वर, आणि तिथून जवळच श्रीवर्धन. म्हणजे गुळाचा खडा जपून वापरण्याची वस्तू होती. म्हणून जुन्या घरांत धोंडस बेताचाच गोड करत. आजकाल आपण करतो तो धोंडस जरा जास्तच गोड असतो, पण ते असू द्या.

श्रीवर्धनचा पैसा होता सुपारीत. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र इथे आहे आणि इथल्याच वाणातून निवड करून काढलेल्या जातीला 'श्रीवर्धनी' हेच नाव मिळाले आहे. सुपारी आणि नारळ वाडीतून निघाले की व्यापाऱ्याकडे जायचे. चांगला आंबाही जायचा. घरच्या चुलीवर जे राहायचे ते हे असे : पाडाला लागून खाली पडलेला रायवळ आंबा, बरका फणस, जून काकडी, कणी. बायकांनी त्यातून साठे घातली, फणसपोळी वाळवली, बरक्याच्या रसात तांदळाचा रवा कालवून सांदणे उकडली, आणि काकडीचा धोंडस भाजला. कोकणातली निम्मी गोडाधोडाची पाने अशी, बाजाराने नाकारलेल्या फळांवर उभी आहेत.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. श्रीवर्धन म्हटले की शाळेतल्या मुलाला पहिले नाव आठवते ते बाळाजी विश्वनाथ भटांचे. दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी या भट घराण्याकडे होती. सिद्दीच्या अंमलात त्यांना गाव सोडावे लागले, ते घाटावर गेले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. १७३२ साली पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला. श्रीवर्धन मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्यातच राहिले, ते थेट १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत. पुढे कुलाबा जिल्हा, आणि १९८१ पासून रायगड जिल्हा. हे सगळे पुस्तकात आहे आणि मुलांना पाठ येते.

पण गाव सोडून गेलेल्या माणसांबरोबर त्यांचे स्वयंपाकघरही जाते ना? पुण्याच्या पंगती, त्यांतली पक्वान्ने, वाढपाचे कायदे यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. जिलबी, बुंदी, पुरणपोळी यांना इतिहासात जागा मिळाली, कारण त्यांना तूप, साखर, आचारी आणि हिशेब ठेवणारा कारकून लागतो. जिथे कारकून असतो तिथे कागद उरतो. ज्या पक्वान्नाला गुळावाचून फारसे काही विकत आणावे लागले नाही, त्याची नोंद कोण करणार? धोंडसाचा कागद नाही. म्हणून त्याचा इतिहास आपल्याला भांड्यातून, बियाण्यातून आणि आचेतून वाचावा लागतो.

मराठीत छापील पाकशास्त्र निघाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि लग्नात आहेर म्हणून घरोघर गेली. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पण पुस्तक मापे सांगते. झाकणावरचे इंगळ केव्हा कमी करायचे हे आजीच्या हाताखाली बसूनच कळते. ज्या घरात मुलगी शिकायला दूर गेली आणि आजी मागे राहिली, तिथे पुस्तकाने निम्मेच काम केले.

बरे, भाजण्याची ही युक्ती आपल्याकडे आली कोठून? पुष्कळांची समजूत अशी, की भाजलेले गोड म्हणजे केक, आणि केक म्हणजे साहेबाचा. पाव हा शब्द पोर्तुगीज, हे खरे. पोर्तुगीजांनी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत ठाण मांडले होते. त्यांची भाषा मोडकीतोडकी होऊन कोर्लईच्या काही घरांत अजून बोलली जाते. तेव्हा भट्टी, मैद्याचा पाव ही या किनाऱ्याला ओळखीची होती. पण गावच्या घरांनी भट्टी आत घेतली नाही. पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी त्या काळची समजूत. शिवाय भट्टी तापवायला लाकूड किती लागते! एका घरासाठी कोण तापवील?

भट्टी नसताना भाजायचे कसे, याचे उत्तर मात्र या किनाऱ्यावर घरोघरी सापडते. कायस्थ प्रभूंच्या घरी निनाव करतात. हरभऱ्याच्या डाळीचे आणि गव्हाचे पीठ, गूळ, नारळाचे दूध, जायफळ, आणि जुन्या रीतीत वर-खाली निखारे. त्यांच्याकडेच, आणि पाठारे प्रभूंकडेही, भानोळे होते. ते तिखट, कोबीचे किंवा कोलंबीचे, पण भाजायची रीत हीच. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कोकणी मुसलमान घरांत बिर्याणीला दम देतात तो झाकणावर निखारे ठेवूनच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बेबिंक करतात. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा, एक थर ओतायचा, वरच्या आचेने भाजायचा, मग दुसरा थर. चार घरे, चार धर्म-रिवाज, एकमेकांच्या ताटातले न खाणारी. तरीही सगळ्यांच्या झाकणावर विस्तव आहे. कोणाचे पाहून कोण शिकले याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. पाणवठ्यावर बायकांचे बोलणे काय कमी होते?

ही युक्ती केवळ आपलीच, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या ओळखीच्या एका घरी मुलगा अमेरिकेतून सुट्टीला आला होता. मे महिना, घरात रायवळ आंब्यांचा ढीग, निम्मे नासायला आलेले. तो म्हणाला, "आजी, आमच्याकडे असं जास्तीचं फळ झालं की कॉब्लर करतात." आजीने विचारले, म्हणजे काय रे? त्याने सांगितले : फळाच्या फोडी साखर घालून भांड्याच्या तळाशी घालायच्या, वर जाडेभरडे पीठ लोण्यात आणि दुधात भिजवून त्याचे गोळे टाकायचे, आणि भाजायचे. आजी म्हणाली, "वर इंगळ ठेवतात का?" तो म्हणाला, "आता नाही, पण पूर्वी ठेवत." आजी म्हणाली, "मग धोंडसच की!"

आजीचे म्हणणे पदार्थाच्या दृष्टीने अगदी बरोबर नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने बरोबर आहे. इंग्लंडातून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या लोकांना पाय म्हणजे फळांची भरलेली पोळी भाजायची सवय होती. नव्या मुलुखात पुढे पुढे सरकताना, गाडीवर संसार लादून जाताना, विटांची भट्टी कोठून आणणार? त्यांच्याजवळ होते एक जाड ओतीव लोखंडी भांडे. त्याला तीन आखूड पाय, म्हणजे खाली निखारे मावतात. झाकणाला उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नाहीत. त्याला तिकडे डच अव्हन म्हणतात. असली भांडी स्वस्त झाली ती वाळूच्या साच्यात लोखंड ओतण्याच्या कलेमुळे. इंग्लंडात अब्राहम डार्बी याने १७०७ साली तिचे पेटंट घेतले. पातळ पोळी लाटणे, साच्यात बसवणे हे रानात जमेना, म्हणून जाड पीठच भांड्यात घातले आणि त्याबरोबर फळे. १८५९ साली बार्टलेट या गृहस्थाने अमेरिकी बोलीचा जो कोश छापला, त्यात कॉब्लर या पदार्थाची नोंद आहे. म्हणजे तोपर्यंत तो सर्वांच्या ओळखीचा झाला होता.

फळांचीही गंमत बघा. अमेरिकी कॉब्लरचे आवडते फळ पीच. ते मूळचे चीनचे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते अमेरिकेत नेले आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याच्या बागा केल्या. उलट आपल्याकडचा अननस, पपई, काजू ही मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. आज कोकणातला माणूस काजूला आपला म्हणतो आणि त्यात काही चुकत नाही, पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी तो पाहुणा होता. या सगळ्या येण्याजाण्यात एक फळ मात्र मुळापासून इथले आहे, ते म्हणजे आपली काकडी. तिचे रानटी, कडू वाण हिमालयाच्या पायथ्याशी सापडते. तिथून ती शेतात आली आणि मग पश्चिमेकडे जगभर गेली. शिक्षकांनी वर्गात जगाचा नकाशा लावून ही तीन फळे दोऱ्याने जोडून दाखवावीत. आंब्याच्या आणि काकडीच्या गावच्या मुलांना तो तास आवडेल.

आता जरा गंभीर बोलायचे आहे. धोंडस कमी होत चालला आहे, आणि त्याची कारणे आवडीनिवडीत शोधू नयेत. ती चुलीत आणि मांडवात आहेत.

चुलीचे आधी. रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तेव्हा गॅस येऊ नये असे मी म्हणणार नाही. पण गॅसला निखारा नसतो. झाकणावर ठेवायला काही उरत नाही. यावर बायकांनी तोडगा काढला आहे : जाड तव्यावर टोप मंद आचेवर ठेवायचा आणि दुसरा तवा चांगला तापवून झाकणावर पालथा घालायचा, निवला की पुन्हा तापवायचा. कोणी मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात टोप बसवतात. विजेची भट्टी असेल तर प्रश्नच नाही. धोंडस होतो. करवंटीच्या विस्तवाचा वास येत नाही, एवढेच.

मांडवाचे कारण अधिक खोल आहे. बाजारातून संकरित बियाणे आणले की काकड्या भरपूर लागतात, एकसारख्या लागतात, हे खरे. पण त्या काकडीचे बी धरून पुढल्या साली लावले, तर फळ आईबापासारखे येत नाही. कोणी लांब, कोणी आखूड, कोणी कडू. मग बी धरण्यात अर्थ राहत नाही. बी धरायचे नाही, तर काकडी वेलावर जून कशाला करायची? कोवळी असताना तोडून विकली की मोकळे. आणि जून काकडी नाही, तर धोंडस कशाचा करणार? काही जण कोवळ्या काकडीचा करतात. त्याला चव पाण्याची येते. जून काकडीच्या गराला जी किंचित आंबट धार असते, ती गुळाबरोबर उतरते तेव्हाच तो धोंडस लागतो.

दापोलीच्या विद्यापीठाने कोकणच्या पावसाला मानवणारी 'शीतल' नावाची काकडी काढलेली आहे. ती सुधारित जात आहे, संकरित नाही, म्हणजे तिचे बी घरी धरता येते. ज्यांच्याकडे जुने घरचे वाण आहे त्यांनी तर ते जपावेच. एक सूचना ध्यानात ठेवावी. काकडीच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि मधमाशी एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेते. शेजारी निराळी जात लावली असेल तर बी मिसळते. म्हणून बियाण्याचा वेल परसाच्या एका अंगाला, निराळा असावा. आणि बियाण्याला फळ राखायचे ते निरोगी, भरपूर धरणाऱ्या वेलावरचे. शेवटी उरलेले वाकडेतिकडे फळ बियाण्याला ठेवणे हा आळस आहे, आणि तो आपण पुष्कळ जण करतो.

३ जून २०२० हा दिवस श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या माणसांना सांगायला नको. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा, मधून त्याहून मोठे झोत. सुपारीच्या वाड्या काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट पडले, आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे-फणस आडवे झाले. घरांवरचे पत्रे, कौले गेली. ज्यांचे सगळे उत्पन्न वाडीत, त्यांचे एका दुपारी गेले. माड लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षे, सुपारीलाही तितकीच, कोय रुजवून केलेल्या आंब्याला त्याहून जास्त. इतका काळ घरात काय शिजवायचे, हा प्रश्न काही दिवसांचा नसतो.

पण बघा, वादळ मृगाच्या तोंडावर आले. काकडी पेरायची वेळ तीच. ज्यांचे बी घरात होते, छपराखाली होते, त्यांना ते टोचायला बाजार उघडण्याची वाट पाहावी लागत नव्हती. वेल दोन महिन्यांत फळ देतो. पडलेल्या झाडांच्या फांद्या मांडवाला पुरून उरतील एवढ्या होत्या. उन्मळलेल्या माडाकडे पाहून काही सुचत नसताना बाईमाणूस परसात चार बिया टोचते, हे नुसते पोटासाठी नसते असे मला वाटते. अर्थात पोटासाठीही असतेच.

धोंडसाला नारळ लागतो, आणि त्या भागात वादळानंतरची काही वर्षे नारळ विकत आणावा लागणे साहजिक होते. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी थोडे तूप जास्त घालावे, किंवा भाजलेल्या तिळाचा कूट घालावा. चव निराळी होते, पण वडी पडते.

आता शेवटची कृती सांगतो, ती धोंडसाची नव्हे, बियाण्याची. सुरुवातीला वाडग्यात काढून ठेवलेला तो बियांचा गर आठवतो ना? त्यात थोडे पाणी घालून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. थोडा आंबला की बीभोवतालचा बुळबुळीत पडदा सुटतो. चोळून धुवावे. वर तरंगेल ते पोचट, ते टाकून द्यावे. तळाशी बसेल ते बी. सावलीत वाळवून राखेत घोळावे. आमच्याकडे कोणी ते शेणात मिसळून वाटीएवढी थापी भिंतीला चिकटवतात. ती थापी चुलीवरच्या भिंतीला, धुराच्या वाटेत असते, म्हणजे कीड लागत नाही. गॅसच्या घरात डबी आणि राख पुरे. डबीवर वर्ष आणि वेल कोणत्या परसातला ते लिहावे. गुरुजींनी शाळेत प्रत्येक मुलाला अशी एक डबी आणायला सांगितले, तर मृगाच्या आदल्या दिवशी वर्गात बियांची अदलाबदल करता येईल, आणि भाद्रपदात कोणाच्या वेलाची काकडी कशी आली ते पाहता येईल. राखायची ती काकडी मात्र मुलांनी तोडू नये, म्हणून तिला एक तांबडी चिंधी बांधून ठेवावी.